औद्योगिक हेम्पची शेती : मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेम्पचे कापड, हेम्पच्या बिया, हेम्पच्या भिंती हे शब्द आता दादर-पार्ल्याच्या दुकानांतूनही कानावर पडू लागले आहेत. ज्यांची गावी एक-दोन एकर जमीन पडून आहे अशा चाकरमान्यांना मग साहजिकच वाटते, की हे पीक आपण का घेऊ नये. नैसर्गिक धाग्यांच्या खरेदी-विक्रीत बरीच वर्षे काम करत असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात, आणि त्याच त्या गोष्टी फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेल्या बऱ्या, एवढ्याच हेतूने हे पान तयार केले आहे.

हेम्प म्हणजे नेमके कोणते झाड? ते गांजाच ना?

झाड एकच, कॅनाबिस सटायव्हा. गांजासाठी वाढवलेल्या वाणांत नशा आणणारे टीएचसी नावाचे द्रव्य भरपूर असते आणि औद्योगिक हेम्पच्या वाणांत ते नगण्य असते. अमेरिकेने 2018 च्या कृषी कायद्यात ही मर्यादा वाळलेल्या वजनाच्या 0.3 टक्के ठरवली आणि उत्तराखंडनेही तोच आकडा धरला आहे. लागवडीची पद्धतही निराळी आहे. धाग्यासाठी पेरलेला हेम्प इतका दाट असतो की झाडाला फांद्या फुटायला जागाच उरत नाही आणि ते सरळ सोटासारखे वर जाते.

रायवळ आणि हापूस दोन्ही आंबेच, तरी एकाच्या भावाने दुसरा कोणी घेत नाही, तसेच काहीसे हे आहे. अडचण एवढीच, की हापूस आणि रायवळ पाटीवर नजर टाकताच ओळखता येतात, पण हेम्प आणि गांजा शेताच्या बांधावरून ओळखता येत नाहीत. त्यांतला फरक प्रयोगशाळेतच कळतो, आणि कायद्याचा निम्मा गुंता यातूनच निर्माण झाला आहे.

मग ताग, सण, अंबाडी, घायपात यांनाही हेम्प का म्हणतात?

कारण इंग्रजी व्यापाऱ्यांना ज्या ज्या झाडापासून दोर वळता येतो त्या त्या झाडाला हेम्प म्हणण्याची सवय होती. आपल्या अंबाडीला ते डेक्कन हेम्प म्हणत, बोरूच्या तागाला सन हेम्प, केळीच्या कुळातल्या अबाकाला मनिला हेम्प आणि घायपाताला सिसल हेम्प. यांपैकी एकाचाही भांगेच्या झाडाशी जवळचा संबंध नाही. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस असे पडले, तेही केवळ तिची पाने भांगेच्या पानांसारखी दिसतात म्हणून. त्यात मराठीनेही आपली भर घातली आहे, कारण गोणपाटाचा ताग आणि हिरवळीच्या खतासाठी गाडला जाणारा बोरूचा ताग ही दोन वेगळी पिके असूनही आपण दोन्हींना तागच म्हणतो. नायलॉन येण्यापूर्वी मुंबईच्या कोळीवाड्यांत सणाच्या दोऱ्याची जाळी विणत, तो सणही हेम्प नव्हे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, यात पैसे जातात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेम्पच्या भावाने दोराची दोन बंडले घेतली आणि घरी येऊन एक पदर उलगडल्यावर लक्षात आले की हा घायपाताचा वाख, म्हणजे धागा, आहे. तो पांढुरका, ताठ आणि बोटांना टोचणारा होता. दुकानदार मात्र शेवटपर्यंत ‘हेम्पच आहे साहेब’ असेच म्हणत राहिला, आणि व्यापारी नावाने पाहिले तर तो अगदीच खोटे बोलत होता असेही म्हणता येत नाही.

कापड किंवा धागा हेम्पचाच आहे हे घरी कसे ओळखावे?

पूर्ण खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तरीही एक जुनी चाचणी जाणकार आजही करतात. कापडातून एक धागा ओढून घ्यावा, त्याचा पीळ उलगडून एखादा सुटा तंतू वेगळा करावा, तो ओला करावा आणि मोकळे टोक आपल्याकडे येईल अशा रीतीने चिमटीत धरून उबदार तव्यावर किंवा दिव्याच्या उष्णतेवर वाळू द्यावा. वाळता वाळता तंतू हळूच वळतो. जवसाचा, म्हणजे लिननचा तंतू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तर हेम्पचा उलट दिशेने. मंगळदास मार्केटमधून ‘हेम्प’ म्हणून आणलेले एक कापड मी असे तपासले, तेव्हा ते निव्वळ लिनन निघाले. गोणपाटाचा तागही हेम्पसारखाच उलटा फिरतो. तेव्हा ही चाचणी लिननपुरतीच उपयोगी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

महाराष्ट्रात हेम्पची लागवड कायदेशीर आहे का?

हे लिहीत असताना तरी नाही. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम 8 ने कॅनाबिसचे कोणतेही झाड लावण्यास मनाई केली आहे, मग त्यात टीएचसी कितीही कमी असो. त्याच कायद्यातील कलम 14 मात्र सरकारला असा अधिकार देते, की केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूसाठी, किंवा बागकामासाठी, सर्वसाधारण अथवा विशेष आदेश काढून आणि अटी घालून लागवडीला मुभा देता येईल. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानेही धागा आणि बियांसाठी होणारी लागवड आपल्या बंधनांतून वगळलेली आहे. म्हणजे दार बंद असले तरी त्याला कडी-कुलूप आहे आणि किल्ली सरकारकडे आहे. महाराष्ट्राने ती अद्याप फिरवलेली नाही.

उत्तराखंडने ती 2018 मध्ये फिरवली आणि व्यावसायिक लागवडीला परवाना देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. केंद्राच्या 2012 च्या राष्ट्रीय धोरणातही कमी टीएचसी असलेल्या वाणांवर संशोधन व्हावे असे म्हटले होते. पण एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. ‘आमच्याकडे उत्तराखंडचे लायसन आहे, तुम्ही फक्त जमीन द्या’ असे कोणी सांगत आल्यास त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

परवान्याशिवाय लागवड केल्यास कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘माझे झाड धाग्याचे होते’ हा बचाव तेथे पुरेसा ठरत नाही.

मी मुंबईत राहतो, गावची जमीन दुसरा कसतो. त्याने लावले तर माझा काय संबंध?

संबंध आहे, आणि हा प्रश्न विचारायचे बहुतेकांच्या मनातही येत नाही म्हणून तो येथे मुद्दाम घेतला आहे. त्याच कायद्याच्या कलम 46 नुसार आपल्या जमिनीत कॅनाबिसची बेकायदा लागवड झाली असल्यास पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला ताबडतोब कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, आणि माहीत असूनही गप्प बसणारा शिक्षेस पात्र ठरतो. कलम 47 ने हीच जबाबदारी सरपंच-पंचांवरही टाकली आहे. सातबाऱ्यावर आपले नाव असेल आणि वर्षातून गणपती-शिमग्यालाच गावी जाणे होत असेल, तर कसणाऱ्याने यंदा काय पेरले आहे ते एकदा विचारून घ्यावे.

बाल्कनीतल्या कुंडीत एखादे झाड लावले तर?

लावू नये. कलम 14 मधील बागकामाची सवलतही सरकारी आदेशाशिवाय मिळत नाही.

उद्या परवानगी मिळाली असे धरू. कोकणात हे पीक येईल का?

येथे उत्साहाला थोडी मुरड घालावी लागते. हेम्प हे दिवसाच्या लांबीवर चालणारे पीक आहे. दिवस लांब असतो तोवर ते उंच होत राहते आणि दिवस साधारण चौदा तासांच्या खाली आला की वाढ थांबवून फुलोऱ्याकडे वळते. पॅरिसमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस सोळा तासांहून अधिक असतो आणि उत्तराखंडात तो जवळपास चौदा तासांचा असतो. मुंबई-रत्नागिरीच्या पट्ट्यात 21 जूनलाही दिवस सव्वातेरा तासांपलीकडे जात नाही. परिणामी फ्रान्सचे उत्तम प्रमाणित बियाणे आणून येथे पेरले, तर झाड गुडघा-कमरेएवढे होता होताच फुलावर येईल आणि धागा मिळायचा राहूनच जाईल. चीनच्या युनान प्रांतात आणि थायलंडमध्ये कमी अक्षांशांना मानवणारे वाण तयार झाले आहेत. आपल्याला त्या जातकुळीचे वाण लागतील, आणि त्यांची चाचणी आपल्याच मातीत, आपल्याच कृषी विद्यापीठांनी घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. हेम्पला ओल हवी असते पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. कोकणात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात, काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो. भातखाचरात हेम्प घेणे म्हणजे पीक बुडवण्याची हमीच. निचरा होणाऱ्या वरकस जमिनीवर कदाचित जमेल. पण माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिले प्रयोग घाटमाथ्यापलीकडे, नाशिक-पुण्याकडच्या मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत व्हावेत.

टीएचसीचा काटाही डोक्यावर टांगता असतो. हिमालयातील देशी वाणांत ते प्रमाण 0.3 टक्क्यांहून सहज वर जाते, आणि मर्यादा ओलांडलेले पीक शेतकऱ्याला विकता येत नाही. हेम्पचे परागण वाऱ्याने होते आणि पराग काही किलोमीटर वाहून जाऊ शकतात. त्यामुळे आपण शुद्ध बियाणे पेरले तरी घरचे बी पुढच्या वर्षी तितकेच शुद्ध राहील याचा भरवसा नसतो.

पर्यावरणाला फायदा होतो असे म्हणतात, तो खरा किती?

बराचसा खरा आहे, पण सरसकट नाही. दाट पेरलेला हेम्प काही आठवड्यांतच जमीन झाकून टाकतो, त्यामुळे तणाला ऊन मिळत नाही आणि तणनाशकाची गरज क्वचितच पडते. खोल मुळांमुळे पुढच्या पिकासाठी माती भुसभुशीत होते. युरोपीय आयोगाच्या म्हणण्यानुसार एक हेक्टर हेम्प हवेतील 9 ते 15 टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आणि त्याला अवघे पाच महिने पुरतात.

मात्र हा कार्बन झाडातच राहतो. त्या काड्या चुलीत गेल्या तर तो दुसऱ्याच दिवशी हवेत परततो आणि भिंतीत गेल्या तर काही दशके अडकून राहतो. म्हणून हेम्पची हवामानाला होणारी मदत शेतात ठरत नाही, त्या मालाचे पुढे काय झाले यावर ठरते. ‘हेम्पला खत लागत नाही’ हे वाक्यही मी अनेक पत्रकांत वाचले आहे. त्यात तथ्य नाही, कारण या पिकाची नत्राची भूक मोठी असते. जमिनीला नत्र देण्याचे काम आपला बोरू करतो, हेम्प नाही.

देवनारच्या कचराभूमीवर हेम्प लावून जमीन शुद्ध करता येईल का?

कल्पना मनोवेधक आहे आणि तिला आधारही आहे. चेर्नोबिलच्या परिसरात 1990 च्या दशकाच्या अखेरीस दूषित मातीवर हेम्पचे प्रयोग झाले होते, आणि हेम्प मातीतील काही जड धातू ओढून घेतो हे दिसून आले आहे. पण ओढून घेतलेला धातू नाहीसा होत नाही, तो खोडात आणि पानांत जाऊन बसतो. त्या झाडाचे बी खाण्यास नालायक ठरते आणि उरलेल्या काडाचीही घातक कचरा म्हणूनच विल्हेवाट लावावी लागते. देवनारचा डोंगर तर 1927 पासून साचत आला आहे आणि तेथे मुळांना धरायला धड माती तरी कुठे आहे?

हेम्पच्या भिंती मुंबईच्या दमट हवेत टिकतील का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, दगडात कोरलेल्या लेण्यांत आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचा अभ्यास 2016 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुरातत्त्व खात्यातील राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांना त्या गिलाव्यात कॅनाबिसचे तंतू सापडले. सुमारे दीड हजार वर्षे हा गिलावा टिकला, त्यात माती-चुन्यात मिसळलेल्या या तंतूंचा वाटा असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. अजिंठ्याच्या गिलाव्यात हेम्प नव्हता, आणि तेथील चित्रांचे किडींमुळे मोठे नुकसान झाले, ही तुलनाही त्यांनी केली. भांगेच्या झाडाची महाराष्ट्राला ओळख नव्हती असे म्हणणाऱ्यांनी एकदा वेरूळला जाऊन यावे.

आजचे हेम्पक्रीट म्हणजे हेम्पच्या खोडातील काष्ठमय भुगा, चुना आणि पाणी यांचे मिश्रण. ते हलके असते, उष्णता रोखते आणि हवेतली ओल घेते-सोडते. त्यावर इमारतीचा भार देता येत नाही, त्यामुळे सांगाडा काँक्रीटचा, लोखंडाचा किंवा लाकडाचाच लागतो. मुंबईपुरती खरी अडचण वाळण्याची आहे. भिंत पूर्ण वाळायला काही आठवडे जातात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात हे काम काढू नये, आणि दिवाळीनंतर ओतलेल्या भिंतीवरही सिमेंटचा गिलावा न करता चुन्याचाच करावा, नाहीतर आतली ओल आतच कोंडली जाते.

या पिकातून पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण कुठे मिळतात ते नीट पाहायला हवे. हेम्पचे एक वाळलेले खोड हातात घेऊन मध्ये मोडा. बाहेरची साल तुटत नाही, ती लांब चिवट पट्ट्यांनी लोंबत राहते, हाच वाख. आतून पांढरी, पोकळ, ठिसूळ काडी कटकन मोडते, तिला आपल्याकडे सणाच्या बाबतीत सणकाडी म्हणतात. वजनाने पाहिले तर वाख खोडाच्या जेमतेम पाव हिश्श्याइतका भरतो, बाकी सगळी काडीच. ज्याला काडीचे गिऱ्हाईक मिळाले नाही त्याचा तीन-चतुर्थांश माल बांधावर पडून राहिला, असा हा सरळ हिशोब आहे.

वाख सुटावा म्हणून खोड दवावर किंवा पाण्यात कुजवावे लागते. दोन दिवस कमी पडले तर साल सुटत नाही आणि दोन दिवस जास्त झाले तर धागाच कुजतो, हे अंबाडी कुजवलेल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. त्यानंतर साल सोलणारे यंत्र हवे. वाळलेले काड वजनाने हलके पण आकाराने अवाढव्य असते, त्यामुळे ते ट्रकमध्ये भरून दोनशे किलोमीटर नेले तर नफा डिझेलमध्येच जातो. यंत्र शेताच्या जवळ हवे आणि ते एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. पुढे हा लांब धागा सुताच्या चात्यांवर चालत नाही, तो कापसाच्या लांबीचा आणि मऊपणाचा करून घ्यावा लागतो. गिरणगावाच्या गिरण्या आज चालू असत्या तरी त्यांनी हेम्प आहे तसा घेतला नसता.

म्हणून माझे ठाम मत असे आहे, की हेम्पची चर्चा एकरी उत्पन्नाच्या आकड्यांपासून सुरू करू नये. आधी सोलणी कुठे होणार, काडी कोण घेणार आणि बियाणे कुठून येणार या तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. बिया हे त्यातल्या त्यात सोपे उत्पन्न, कारण त्यांत सुमारे तीस टक्के तेल आणि वीस ते पंचवीस टक्के प्रथिने असतात आणि त्यांना बाजार तयार आहे.

‘रोपे आमची, जमीन तुमची, माल आम्हीच परत विकत घेऊ’ अशी योजना आली आहे. पैसे गुंतवावेत का?

गुंतवू नयेत. सफेद मुसळी, इमू, कडकनाथ. महाराष्ट्राने ही सगळी पिके आणि पाखरे परतखरेदीच्या हमीवर घेऊन पाहिली आहेत आणि हात पोळून घेतले आहेत. हेम्पच्या बाबतीत तर राज्यात लागवडच कायदेशीर नसल्याने तो करार कोर्टात उभा राहणे कठीण.

हेम्पच्या बिया आणि तेल खाणे कायदेशीर आहे का?

होय. एनडीपीएस कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात, शेंड्यांशिवायच्या बिया आणि पाने त्यातून वगळलेली आहेत. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर 2021 मध्ये हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देऊन टीएचसीची मर्यादा घातली. बियांत ती किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे आणि तेलात 10. पाकिटावर अन्नपरवान्याचा क्रमांक आहे ना, एवढे पाहून घ्यावे. चवीला या बिया भुईमूग आणि अक्रोड यांच्या मधल्या लागतात आणि जवसाऐवजी चटणीत छान जमतात. तेल मात्र फोडणीला वापरू नये, ते कच्चेच घ्यायचे असते.

पानांची, म्हणजे भांगेची गोष्ट वेगळी. ती एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर असली तरी राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात, ती अन्न नव्हेत.

लागवड करता येत नाही, तर मुंबईत बसून या क्षेत्रात काय करता येईल?

खरे तर मुंबईची जागा शेतात नाहीच, ती शेतानंतरच्या कामात आहे. बॉम्बे हेम्प कंपनी 2013 मध्ये याच शहरात सुरू झाली. धागा तपासायचा तर माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, घाटकोपरला ‘बीटीआरए’ आहे, वरळीला ‘सस्मिरा’ आहे. इतक्या वस्त्रप्रयोगशाळा एका लोकलच्या अंतरावर असलेले दुसरे शहर शोधावे लागेल. हेम्पचा धागा आयात करून त्यात कापूस मिसळणे, कापड रंगवणे, पिशव्या-चपला-कागद करणे, यांपैकी कशालाही लागवडीचा परवाना लागत नाही. आयात करताना सीमाशुल्काच्या कागदपत्रांत कच्चा हेम्प 5302 या शीर्षाखाली येतो आणि ताग व तत्सम धागे 5303 खाली. दोहोंत गल्लत झाली की माल न्हावा-शेव्याला अडकून पडतो आणि रोजचे भाडे चढत राहते. पेरणीसाठी बियाणे मागवण्याचा विचार मात्र मनातही आणू नये.

तोपर्यंत गावच्या जमिनीत काय लावावे?

धाग्याचीच आवड असेल तर अंबाडी लावावी. तिला परवाना लागत नाही, बियाणे गावातच मिळते, कोवळ्या पानांची भाजी होते आणि खोडाचा वाख निघतो. कुजवण्याचे, सोलण्याचे, वाळवण्याचे जे कौशल्य हेम्पला लागेल तेच अंबाडीलाही लागते, आणि उद्या राज्याने कलम 14 खाली आदेश काढलाच तर ज्यांच्या हाताला हे काम माहीत आहे त्यांनाच त्याचा पहिला उपयोग होईल. जमीन हलकी असेल तर तिच्यात आधी बोरू पेरून फुलावर आला की नांगरून गाडावा. सुरुवातीला पाच गुंठे पुरेत, आणि कुजवण्यासाठी पाणी कुठे मिळणार हे बी टाकण्याआधी पाहून ठेवावे, कारण गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ कुजवलेल्या अंबाडीचा वास सुटला की पहिली तक्रार शेजाऱ्याचीच येते.